अकरा चौदाचा धक्का

"उतरंड हलली म्हणता? मातीची की पितळेची?"

तोडकरबाई फोनवर बोलत होत्या. मी नुकताच फाटकावरच्या वहीत बारा पाचची सही करून आत आलो होतो आणि मनातल्या मनात शीळ घालत होतो.

"मातीची वो बाई. सात मडक्यांची." पलीकडच्या माणसाचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. वाडीतला माणूस फोनवर बोलायला लागला की मधे फोन कशाला हवा असं वाटतं. "वरची दोन खाली आली. फुटली."

"किती वाजले होते?"

"सव्वाअकराला येखादं मिन्ट कमी. यष्टी नुकतीच गेली हुती."

"खाणीतला सुरुंग असेल हो. अकराच्या सुमाराला रोज उडतो."

"बाई, सुरुंग कानाला लागतो. ह्यो पायाला लागला. जलम गेला हितं, मला कळंना व्हय? तुमी लिवून घ्या."

"लिहिते. नाव सांगा."

"कोंडीबा शेलार. जांभुळधोंड."

"लिहिलं, कोंडीबा. धक्का असेल तर यादीत येणार. माझा शब्द."

बाईंनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "श्रीरंग, आज सकाळी मशीनला कोणी हात लावला का रे?"

"नाही बाई. का?"

"सहज," त्या म्हणाल्या.

आमचं भूकंपनोंदीचं केंद्र म्हणजे डोंगराच्या कुशीतली एक बैठी इमारत. डोंगराच्या पोटात, खडकावर बसवलेलं एक यंत्र, त्याची तार इमारतीतल्या सर्व्हरपर्यंत. जमीन जराशी हलली की आलेख हलायचा. तो आलेख वाचायचं काम बाई तेहतीस वर्षं करत होत्या. कागदावरची नागमोडी रेघ बघून त्या सांगायच्या, हा धक्का, हा सुरुंग, हा घाटातला ट्रक, ही कुंपणाला अंग घासणारी म्हैस. म्हशीचं मी थट्टेवारी नेलं होतं. बाहेर जाऊन पाहिलं तर म्हैस होती. त्या चाळीस दिवसांनी निवृत्त होणार होत्या. शेवटचं वार्षिक पत्रक त्यांच्या सहीनं निघायचं होतं.

मी तिथला कॉम्प्युटरवाला. वय एकोणतीस, आणि अक्कल वयाच्या निम्मी.

केंद्रात एक जाड वही होती, खंडवही. नोंद सलग असली की रोज काळ्या शाईनं 'अखंड' एवढंच लिहायचं. नोंद कोणत्याही कारणानं तुटली की वाचकानं त्या वहीत लाल शाईनं लिहायचं: अमुक वेळ ते तमुक वेळ खंड, कारण, सही. कारणंही ठरलेली होती. वीज. तार. उंदीर. वाचकाची चूक. नोंद केली की लगेच खाली पट्टीनं रेघ मारायची, एक ओळसुद्धा मोकळी सोडायची नाही, नाहीतर मागाहून कोणीही काही घुसडेल. खोडाखोड तर नाहीच. त्या वहीत अकरा वर्षांत लाल अक्षर पडलं नव्हतं. आमचे संचालक बोकीलसर पाहुण्यांना चहाच्या आधी ती वही दाखवायचे.

आणि नोंद घेणारा सर्व्हर म्हातारा झाला होता. पंखा घरघरायचा. शेजारी नवा सर्व्हर येऊन पडला होता. सर म्हणाले होते, "एखाद्या रविवारी रीतसर पाच मिनिटं बंद करू, लाल शाईनं लिहू, आणि हलवू. नाइलाज आहे." बाईही म्हणाल्या होत्या, "लाल लिहायला लाज कसली? खोटं काळं लिहिण्यापेक्षा बरं."

मला तो रविवार नको होता. बंद न करता मशीन हलवता येतं हे मला ठाऊक होतं. नोंद घेणारं मशीन खरं तर आभासी होतं, सर्व्हरच्या पोटात चालणारा एक संसार. तो चालता-बोलता एका सर्व्हरमधून दुसऱ्यात नेता येतो. कारकून वहीत लिहीत असतानाच ती वही शेजारी बसून उतरवून काढावी, तसं ते काम. सगळी पानं एकदा उतरवायची. दरम्यान कारकून ज्या पानावर पुन्हा लिहील त्या पानावर खूण पडते. खुणेची पानं परत उतरवायची. असं करत करत शेवटी दोन-चार पानं उरली की कारकुनाचा हात क्षणभर धरायचा, तेवढी उतरवायची आणि त्याला नव्या वहीसमोर बसवायचं. पापणी लवते न लवते तोच काम पुरं.

आमच्याकडे एकच भानगड होती. यंत्राची तार ज्या कार्डात यायची ते कार्ड आम्ही त्या आभासी मशीनला थेट देऊन टाकलं होतं. मधे कोणी नाही. कार्ड कारकुनाला न विचारता परस्पर वहीत लिहायचं, आणि त्यानं लिहिलेल्या पानांवर खूण पडायची नाही. म्हणून ते सॉफ्टवेअर सावधपणा करायचं. कार्डाचा हात पोहोचेल ती सगळीच पानं बदललेली धरायचं आणि शेवटी मशीन थांबवून सगळी पुन्हा उतरवायचं. त्यात आमच्याकडे पन्नास सेकंद जायचे. पन्नास सेकंद म्हणजे लाल शाई.

मी त्या सॉफ्टवेअरमधल्या चार ओळी बदलल्या. फक्त खुणेची पानं उतरव, बाकी सोड, असं सांगितलं. दोन वेळा रिकाम्या मशीनवर करून पाहिलं, लोण्यासारखं सरकलं. रिकाम्या मशीनवर कार्ड काही लिहीतच नव्हतं, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, माझा तर गोठाच रिकामा होता.

कोणाला सांगितलं नाही. कारण साधं होतं. मला नंतर सरांसमोर उभं राहून म्हणायचं होतं, "सर, मशीन परवाच हलवलं. कळलं का कोणाला?" त्या एका वाक्यासाठी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, सकाळी येऊन अकरा नऊला काम सुरू केलं आणि अकरा सोळाला मशीन नव्या सर्व्हरमध्ये चालू होतं. आलेख कुठे तुटला नव्हता. मग जाऊन जेवून आलो.

दुसऱ्या दिवशी बाईंनी मला हाक मारली. त्यांनी आलेखाचे दोन कागद खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले होते. मागून ऊन येत होतं.

"हा कालचा अकरा चारचा. खाणीचा सुरुंग. आणि हा अकरा चौदाचा. काय दिसतं?"

एकच रेघ दिसत होती. दोन कागद होते आणि रेघ एक.

"सुरुंग दोनदा उडाला असेल," मी म्हणालो.

"खाणीत फोन केला. एकदाच उडाला. आणि दोनदा उडाला तरी दोन सुरुंग असे केसाला केस जुळत नाहीत. हा अकरा चौदाचा तुकडा शिळा आहे, श्रीरंग. कालवणात काल रात्रीचं कालवण मिसळलं की जिभेला कळतं, तसा. बरोबर दहा मिनिटं शिळा, सेकंदाचाही फरक नाही." त्यांनी कागद खाली घेतले. "दहा मिनिटं म्हणजे काय असतं रे तुमच्या मशीनमध्ये?"

कार्ड ज्या पानांवर लिहायचं ती पानं गोल फिरायची. दर दहा मिनिटांनी पुन्हा पहिल्या पानापासून, जुन्यावर नवं. अकरा चारचं पान मी उतरवून घेतलं. मग अकरा चौदाला कार्डानं जुन्या सर्व्हरमध्ये त्याच पानावर नवं लिहिलं, जांभुळधोंडची जमीन हलली ते लिहिलं. खूण पडली नाही. मी ते पान परत उतरवलं नाही. नव्या सर्व्हरनं शिळं पान खरं मानून डिस्कवर चढवलं. जुना सर्व्हर मी तिथल्या तिथे पुसून टाकला होता. कोंडीबाचा धक्का जगात कुठेच उरला नव्हता. इतका बारीक धक्का दुसऱ्या कोणत्या केंद्रापर्यंत पोहोचतही नाही.

"काही नसतं," मी म्हणालो.

"काल मशीनला कोणी हात लावला होता का?" बाईंनी दुसऱ्यांदा विचारलं.

"नाही बाई."

मी बाहेर पडलो आणि सरळ संडासात जाऊन तोंडावर पाणी मारलं. त्याच वेळी परत गेलो असतो तर काय झालं असतं? सर ओरडले असते, खंडवहीत एक लाल ओळ पडली असती. फाशी नव्हती. पण मी गेलो नाही. सरांसमोर म्हणायचं ते वाक्य अजून माझ्या तोंडात होतं, आणि ते थुंकवत नव्हतं.

तीन दिवसांनी सरांच्या खोलीत बोलावणं आलं. सर टेबलामागे, बाई समोरच्या खुर्चीवर, मी भिंतीशी. टेबलावर वार्षिक पत्रकाचा खर्डा, त्यावर बाईंची सही नव्हती.

"तोडकरबाई म्हणतात, अकरा तेरा ते अकरा सोळा ही नोंद संशयास्पद आहे," सर म्हणाले. "तशी ओळ घालायची म्हणतात. म्हणजे मशीन चुकलं असं आपण लिहून द्यायचं. श्रीरंग, मशीन चुकतं का असं?"

"कोणी हात लावल्याशिवाय नाही, सर," मी म्हणालो. हे अक्षरशः खरं होतं, आणि मला त्याचा अजून राग येतो.

सरांनी फाटकावरच्या पिराजीला वही घेऊन बोलावलं. पिराजीनं बोट फिरवत वाचलं, "त्या दिवशी सकाळच्याला बाई, सर, झाडूवाल्या काकू, आन् म्या. श्रीरंगसायेब बारा पाचला."

"म्हणजे मशीनखोलीत जाणारं कोणी नव्हतंच," सर म्हणाले. "श्रीरंग, ते दोन तुकडे तू आकडे लावून बघितलेस का? मी सांगितलं होतं."

बघितले होते. एकेक आकडा वजा करून पाहिला होता. तीन मिनिटं नुसती शून्यं, ओळीनं, पानंच्या पानं शून्यं.

"साम्य आहे, सर," मी म्हणालो. "पण एकच नाहीत. खाण तीच, खडक तोच, दारूही तेवढीच. दिसायला सारखे दिसणारच."

बाई माझ्याकडे बघत होत्या. नुसत्या बघत होत्या, रागानं नाही. ते मला सहन होईना म्हणून मी पुढे बोललो. कोणी विचारलं नव्हतं, मीच बोललो.

"आणि सर, बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय ना महिन्यापूर्वीच. बारीक फरक दिसायला त्रास होत असेल."

पिराजीनं वही मिटली. बाईंनी पदर सारखा केला.

सर चांगले गृहस्थ होते. त्यांनी आवाज खाली आणला. "बाई, खरंच, तेहतीस वर्षं झाली. राहिलेले दिवस जरा आराम करा. वाचनाचं टेबल सोमवारपासून श्रीरंग बघेल. पत्रकावर मी सही करतो."

"कोंडीबा शेलारला मी शब्द दिलाय," बाई म्हणाल्या.

"कोण कोंडीबा?"

"जांभुळधोंडचा."

"बाई, एका मडक्यासाठी..."

"दोन मडकी," बाई म्हणाल्या आणि उठल्या. "सोमवारपर्यंत टेबल माझं आहे ना, सर? मग तोवरचं काम मी पुरं करते."

सोमवारी सकाळी बाईंनी टेबलाच्या किल्ल्या माझ्या हातात दिल्या. खंडवही टेबलावर उघडीच होती. अकरा वर्षांच्या काळ्या पानांनंतर एक लाल ओळ, बाईंच्या टपोऱ्या अक्षरात:

"११.१३ ते ११.१६ खंड. नोंद ग्राह्य धरू नये. कारण: वाचकाची चूक. शा. तोडकर."

शेजारी जाणवलेल्या धक्क्यांची यादी होती. त्यात शेवटी: "११.१४. जांभुळधोंड. उतरंड हलली, दोन मडकी फुटली. सांगणार: कोंडीबा शेलार. आलेख उपलब्ध नाही."

मशीनला दोष द्यायचा तर माझी सही लागली असती. स्वतःला दोष द्यायला वाचकाला कोणाची परवानगी लागत नव्हती. खोटा तुकडा नोंदीतून काढायला बाईंच्या हातात तेवढी एकच वाट राहिली होती, आणि त्या त्याच वाटेनं गेल्या. सर खूप चिडले. अकरा वर्षांचं अखंडपण गेलं ते गेलंच. पण खोडता येत नव्हतं. नियम त्यांचाच होता.

"निवृत्त होता होता हात दाखवून अवलक्षण," सर मला म्हणाले. मी तोंडात मिठाची गुळणी धरली.

पंधरा दिवसांनी मी सरांना सांगितलं की मशीन हलवलं, आणि तारीख अर्थात वेगळी सांगितली. सरांनी पाठ थोपटली, पेढे मागवले. पिराजीनं सगळ्यांना वाटले. बाईंनी एक पेढा घेतला, "छान झालं," म्हणाल्या आणि तो पदराच्या टोकाला बांधून ठेवला. तोपर्यंत मी त्या चार ओळी पुसून टाकल्या होत्या. माझं वाक्य म्हणून झालं होतं. त्याची चव सांगण्यासारखी नाही.

निरोपाच्या दिवशी शाल, श्रीफळ, समोसे. दोन शब्द बोलायला मलाच उभं केलं. मी बाईंच्या शिस्तीविषयी बोललो, म्हशीचा किस्सा सांगितला, लोक हसले. सवयीनं तोंडातून निघून गेलं, "बाईंच्या नजरेतून काही सुटत नाही." मग मी भाषण तिथेच सोडून खाली बसलो.

बाईंची पिशवी घेऊन मी फाटकापर्यंत गेलो. रिक्षा यायची होती. पिराजी आत पाणी प्यायला गेला होता.

"बाई," मी म्हणालो, "मला तुमच्याशी..."

"त्या दिवशी निळा शर्ट होता तुझ्या अंगात," बाई म्हणाल्या. त्या रस्त्याकडे बघत होत्या. "साडेदहाला मागच्या फाटकातून आलास. जनरेटरची किल्ली तुझ्याकडे असते, त्याच जुडग्यात त्या फाटकाचीही आहे. साडेअकराला तिथूनच गेलास. माझ्या खिडकीतून ते फाटक दिसतं. ऑपरेशन डाव्या डोळ्याचं झालं होतं, उजवा शाबूत आहे."

माझ्या हातातली पिशवी जड झाली.

"मग तेव्हा का नाही बोललात? सरांसमोर?"

"तुला दोनदा विचारलं होतं की." त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "आकड्यांचं सरांनी विचारलं तेव्हा वाटलं होतं, आता सांगशील. आईशप्पथ वाटलं होतं."

"बाई, मी आत्ता जाऊन सांगतो."

"आत्ता कशाला? आत्ता समोसे खातायत सगळे." त्यांनी पिशवी माझ्या हातातून घेतली. रिक्षा वळणावर दिसली. "सांगायचं तेव्हा लिहून सांग. तोंडी काय, वाऱ्यावर जातं. आणि उद्यापासून पुढच्या फाटकानं येत जा. पिराजीची वही बिचारी खोटी पडते."

बाई रिक्षात बसल्या. शाल त्यांनी मांडीवर घेतली होती.

मी परत आलो तेव्हा वाचनाच्या खोलीत कोणी नव्हतं. खंडवही काढली. लाल ओळ याआधी मी दहा वेळा वाचली असेल, पण वाचायची म्हणून वाचली होती, बघितली नव्हती. बाईंची सही होती, आणि सहीखाली लगेच रेघ नव्हती. एक पूर्ण ओळ कोरी सोडून मग खाली पट्टीनं रेघ मारलेली होती. तेहतीस वर्षांत बाईंनी एकही ओळ मोकळी सोडली नव्हती. ही सोडली होती, कोणासाठी ते सांगायला नको.

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. बोकीलसर निवृत्त झाले, आता केंद्र माझ्याकडे आहे. कोंडीबा दोन वर्षांपूर्वी गेला. त्याचा मुलगा अजून फोन करतो, बापासारखाच ओरडून. बाई कऱ्हाडला मुलीकडे असतात, दिवाळीला मी फोन करतो आणि त्या तब्येतीचं विचारतात. मी रोज पुढच्या फाटकानं येतो, पिराजीच्या वहीत सही करतो. पाहुणे आले की सरांची पद्धत म्हणून मीही त्यांना खंडवही दाखवतो. परवा कॉलेजातल्या एका मुलीनं त्या लाल ओळीवर बोट ठेवून विचारलं, "सर, हे काय झालं होतं?"

"वाचकाची चूक," मी म्हणालो आणि पान उलटलं.

ती ओळ अजून कोरी आहे.